शिजल्याची पारख

नागपूरच्या महाल भागात कोणाकडे सावजी मटणाचा बेत ठरला, की बोलावणं सुभद्राबाई परातेंना जायचं. मसाला सून मिनल वाटायची, लाकडं मुलगा आणायचा; पण चुलीवरच्या गंजातलं मटण शिजलं की नाही, हे बाईंनीच सांगायचं. एक तुकडा उचलायचा, फुंकायचा, दाढेखाली धरायचा आणि म्हणायचं, "झालं, ओढा विस्तव." मिनलनं चवीसाठी हात पुढे केला, तर बाई तो उलथण्यानं बाजूला सारत. एवढा तोरा होता, आणि तो शोभायचाही.

मग वरच्या जबड्यात कॅन्सर निघाला. डावा अर्धा जबडा टाळूसकट काढावा लागला. जीव वाचला, पण तोंड आणि नाक एक झालं. पाणी प्यायलं की नाकातून यायचं. बाई कोणासमोर जेवेनात. डॉक्टर अरुंधतींनी ते भोक बुजवणारी, दात लावलेली टाळूची कवळी बसवली, तेव्हा पाणी सरळ घशात उतरलं आणि बाई ढसाढसा रडल्या. "मऊ खा, उजव्या बाजूनं, सावकाश," डॉक्टर म्हणाल्या. बाईंनी मान डोलावली. मटणाचं मुद्दामच विचारलं नाही.

त्यानंतरचा पहिला बेत शेजारच्या चंपतरावांच्या नातीच्या साखरपुड्याचा. बाईंनी तुकडा चावला. तो दाढेखाली नुसता सरकला.

"कच्चं हाय अजून."

"आई, मले तं शिजल्यासारखं दिसून राहिलं," मिनल हळूच म्हणाली.

"तुले काय समजते वं? लाकूड आत सार."

थोड्या वेळानं पुन्हा तेच झालं. पंगतीत चंपतराव रस्सा ढवळत म्हणाले, "सुभद्राबाई, मटण कुठी गेलं? हाडंच सापडून राहिली." सगळे हसले. बाईही हसल्या, आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसल्या. मटण केव्हाच शिजलं होतं. चावता येत नव्हतं ते आपल्याला, हे त्यांना कळून चुकलं होतं.

बाईंनी दवाखान्यात जाऊन विचारलं, तेव्हा अरुंधतींनी काही लपवलं नाही. "सरावानं चावणं सुधारेल. पण पहिल्यासारखं होणार नाही."

पुढच्या बेताला बाईंनी तुकडा काढला, फुंकला आणि मिनलपुढे धरला. "चाव. नीट चावून सांग."

सासूची नजर आपल्या गालावरून हलत नाही, हे पाहून मिनलनं तो तुकडा सावकाश, पूर्ण चावला. गिळून ती म्हणाली, "झालं, आई."

बाईंनी स्वतःच्या हातानं लाकडं ओढली. मग एक तुकडा आपल्या तोंडात टाकला आणि उजव्या दाढेखाली घोळवत राहिल्या. मिनल झाकण हातात धरून उभीच होती. खूप वेळानं तो तुकडा तुटला. पोरगी खरं बोलली होती.