गिरजाबाईनं अडवलेली गाडी

गिरजाबाई माझी शेजारीण. तिच्या आणि माझ्या अंगणामध्ये एक कुंपण आहे, तेही अर्धं मोडलेलं. पण तिच्या घरातलं बोलणं ऐकायला मला कुंपणाजवळ जावं लागत नाही. गिरजाबाई बोलते तेव्हा बोडीच्या, म्हणजे गावच्या लहान तळ्याच्या, पलीकडच्या म्हशीसुद्धा मान वर करतात. मी गावच्या अंगणवाडीत आहे. रोवणीच्या दिवसांत दुपारी मुलं घरी गेली की मीही बायांच्या टोळीत पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, लावायला जाते. त्यामुळे पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. गावात आता त्याच्या बऱ्याच सुरस आवृत्त्या निघाल्यात, त्यांच्यावर विश्वास ठेवू नका.

गिरजाबाईचं कुत्रं होतं, भुऱ्या. राखणीच्या दृष्टीनं बिनकामाचं. मोहाडीहून येणाऱ्या बसमधून कोणी परका उतरला की हा भुंकायचा नाही, शेपूट हलवत त्याच्या पुढे चालायचा आणि त्याला गिरजाबाईच्याच दारात आणून सोडायचा. त्या पाहुण्याला जायचं असायचं पाटलाकडे! गिरजाबाई आधी भुऱ्याला शिव्या द्यायची, मग पाहुण्याला पाणी. रोवणीच्या वेळी तो बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे भातखाचराच्या बांधावर, आमच्या डब्यांपाशी बसायचा. जेवणाच्या सुट्टीत प्रत्येकीकडून एकेक घास घ्यायचा, आणि कोणाकडे दुसऱ्यांदा जायचा नाही. टोळीची मुकादम कुंताबाई म्हणायची, "ह्या कुत्र्याएवढी अक्कल माह्या जावयाले असती तं!"

आषाढात एका दुपारी गिरजाबाई टोळीसाठी चहाची किटली घेऊन शेताकडे निघाली होती. भुऱ्या नेहमीसारखा पुढे. आमच्या बांधीतून दिसणाऱ्या, बोडीजवळच्या वळणावर मागून एक पिकअप गाडी आली. कोंबडा आरवावा तसा तिचा भोंगा वाजला, पण वेग कमी झाला नाही. भुऱ्याला वाटलं असेल, पाहुणा आला. तो वळून उभा राहिला.

गाडी थांबली नाही. गिरजाबाई किटली रस्त्यात ठेवून तिच्या मागे धावली, गावाच्या शेवटच्या घरापर्यंत, ओरडत. गाडीच्या मागच्या बाजूला निळी ताडपत्री होती आणि नंबरावर चिखल. मग ती परत आली, भुऱ्याला पदरात घेतलं आणि धुऱ्यावर स्वतः खड्डा खणून पुरलं. रडली नाही. माती सारखी केली आणि आम्हाला म्हणाली, "चहा पिऊन घ्या, थंडा होऊन राहिला."

मला त्या न रडण्याचीच भीती वाटली.

दुसऱ्या दिवसापासून उपदेश सुरू झाले. आमच्या गावात पुरुषांना काम कमी पडलं की उपदेश फुकट मिळतो. कुत्रंच होतं, म्हणाले. गाईगुरं मरतात, माणसं मरतात. तिचा नवरा श्यामराव भला माणूस, त्यानं वेगळा मार्ग काढला. "बाजारातून पिल्लू आणून देतो. अस्सल याच रंगाचं."

"रंग कोण मांगते?" गिरजाबाई म्हणाली. "ज्यानं मारलं थो माह्या दारात आला पायजे. मी मारलं म्हून तोंडानं बोलला पायजे. बाकी मले काही नको."

"अना नाई आला तं?"

"काहून नाई येत? रस्ता हाच हाये."

ती मला घेऊन मोहाडीच्या पोलीस ठाण्यात गेली. तिथल्या हवालदारानं आम्हाला बाकावर बसवलं, चहा पाजला आणि सगळं नीट ऐकून घेतलं. गाडीचा नंबर? नाही. ड्रायव्हरचं तोंड? पाहिलं नाही. कुत्र्याच्या गळ्यात पट्टा होता का?

"पट्टा कायले? थो का शिपाई होता?"

"मग गाडीची काही खूण, मावशी?"

"भोंगा कोंबड्यावानी वाजते."

हवालदारानं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. कॅमेऱ्यात काही दिसेल का म्हणून त्यानं विचारलं, तर गावात कॅमेरा एकच, दूध केंद्राचा, आणि तो दुधाच्या कॅनवरून नजर हलवत नाही. हवालदार म्हणाला, "मावशी, मी काय रस्त्यावरची प्रत्येक गाडी थांबवून तिला आरवायला लावू का?"

तो गमतीनं बोलला. गिरजाबाई मात्र विचारात पडली. परतीच्या बसमध्ये ती एक शब्द बोलली नाही, आणि गिरजाबाई गप्प असणं म्हणजे बसमधल्या प्रत्येकानं विचारायचं, हिची तब्येत बरी आहे ना.

पुढचे दिवस आम्हाला कोंबड्यांनी छळलं. बांधीत पाठ वाकवून रोवत असताना गावात एखादा कोंबडा आरवला की गिरजाबाई ताठ उभी राहायची आणि रस्त्याकडे पाहायची. कोंबडे दुपारीही आरवतात हे मला तोवर माहीत नव्हतं. कुंताबाई म्हणाली, "बाई, आता एकतं थो माणूस सापडते, नाईतं गावातला एक कोंबडा जिता रायत नाई."

तेव्हा गिरजाबाईनं पोलीस ठाण्यापासून मनात घोळत असलेला बेत सांगितला.

आमच्याकडे एखाद्या शेतकऱ्याची रोवणी संपली की त्या दिवशी बोजारा असतो. शेवटची पेंढी रोवली की बाया एकमेकींना चिखल फासतात, मालकालाही सोडत नाहीत, आणि शेजारच्या रस्त्यावर येऊन येणाऱ्याजाणाऱ्याला अडवतात. त्यानं हसत खाऊसाठी काहीतरी द्यायचं, नाहीतर गालावर चिखलाचा हात फिरवून घ्यायचा. त्या दिवशी बायांवर कोणी रागवत नाही, आमदार असो की बँकेचा साहेब. गिरजाबाईचं म्हणणं सरळ होतं. पोलीस गाड्या थांबवू शकत नसतील, आपण थांबवू शकतो. रोज कोणाची ना कोणाची रोवणी संपते. ज्याची संपेल त्याचा बोजारा शेताजवळ न करता बोडीच्या वळणावर करायचा. आणि खाऊ मागायचा नाही.

"मंग का मांगाचं?" कुंताबाईनं विचारलं.

"भोंगा."

त्या श्रावणात आमच्या वळणावरून जाणाऱ्यांचे जे हाल झाले ते त्यांनाच माहीत. चिखलानं माखलेल्या बाया रस्ता अडवून उभ्या, आणि मागणी काय, तर वाजव! ट्रॅक्टरवाल्यांनी वाजवलं. एसटीच्या ड्रायव्हरनं वाजवलं, वर कंडक्टरनं घंटीही दिली. एका नवरदेवासारख्या नटलेल्या मोटरसायकलवाल्याचा भोंगा बिघडलेला होता, त्यानं तोंडानं पीं करून दाखवलं. पोलिसांची जीपसुद्धा एकदा अडली. तोच हवालदार आत होता. त्यानं डोक्याला हात लावला, पण सायरन वाजवून दिला. "यंदा तुमच्या गावात बोजारे किती हो?" असं लोक विचारू लागले. आम्हाला मजा येत होती, खोटं कशाला सांगू. गिरजाबाई हसत होती, पण प्रत्येक भोंग्यानंतर तिचा चेहरा उतरायचा. रोवणी संपत आली होती. ती संपली की रस्ता अडवायचा आमचा हक्कही संपणार होता.

शेवटचा बोजारा श्यामरावाच्याच शेताचा होता. त्याला डोक्यापासून पायापर्यंत माखून आम्ही वळणावर आलो. दोन गाड्या गेल्या. मग निळ्या ताडपत्रीची एक पिकअप आली. ताडपत्र्या निळ्याच असतात, त्यामुळे कोणी फारशी आशा धरली नाही. आत तिशीतला एक मिशाळ माणूस होता. गाडीला मासळीचा वास, मागच्या खोक्यांतून बर्फाचं पाणी ठिबकत होतं. त्यानं हसत काच खाली केली आणि खिशाकडे हात नेला.

"बोजारा का, मावशी? घ्या नं."

"थे ठेव. भोंगा वाजव."

त्याला गंमत वाटली. त्यानं ऐटीत वाजवला, एकदा नाही, दोनदा.

कोंबडा आरवला.

कुंताबाई गाडीसमोर आली आणि दोन्ही हात बॉनेटवर ठेवून उभी राहिली. गिरजाबाई खिडकीशी गेली. तिचे हात कोपरापर्यंत चिखलाचे होते आणि मला वाटलं, आता हिचा हात उठणार.

"आषाढात इथं कुत्रं मारलं तू," ती म्हणाली. एवढ्या हळू बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

"कोणतं?" त्याच्या तोंडून निघून गेलं, आणि निघाल्यावर त्यालाच ते ऐकू आलं. हसू गेलं. तो खाली पाहू लागला.

"कोणतं म्हणजे? किती मारले गा तू?" कुंताबाई समोरून ओरडली.

त्याचं नाव चंद्रकुमार. गोसीखुर्दच्या धरणातली मासळी तो तुमसरला पोचवतो. बर्फ वितळायच्या आत पोचायचं, म्हणून वेग. हे त्यानं नंतर सांगितलं. तेव्हा म्हणाला, "मले आरशात दिसलं. कुत्रं दिसलं, अना तुम्ही धावताना दिसल्या. मले वाटलं, थांबलो तं गाव मारते."

"मारलंच असतं," बाया एका सुरात म्हणाल्या, आणि त्यातल्या दोघी हसल्याही. तो मात्र हसला नाही.

"उतर," गिरजाबाई म्हणाली.

"मावशी, बरफ..."

"उतर गा."

तो उतरला. रस्त्यापासून गिरजाबाईच्या घरापर्यंत आमची वरात निघाली. पुढे गिरजाबाई, मागे चपला हातात घेतलेला चंद्रकुमार, त्याच्या मागे चिखलाच्या बाया, आणि शेवटी श्यामराव. परक्या माणसाला त्या दारापर्यंत नेण्याचं काम भुऱ्याचं होतं, आज ते आमच्यावर आलं. लोक ओट्यांवर उभे राहून पाहत होते. उपदेश करणारेही होते त्यात, पण आज उपदेश सुचला नाही कोणाला.

दारात पोचल्यावर गिरजाबाई वळून उभी राहिली. चंद्रकुमारनं इकडेतिकडे पाहिलं, चपला खाली ठेवल्या आणि हात जोडले.

"मी मारलं. थांबाले पायजे होतं, थांबलो नाई. चुकलं माह्यं."

मला वाटलं होतं ती आता चांगली तासभर ऐकवेल. मी त्याची वाटच पाहत होते म्हणा ना. पण गिरजाबाई उंबऱ्यावर बसली आणि रडू लागली. माणूस गेल्यावर रडतात तशी, मोठ्यानं, नाव घेऊन. भुऱ्या गेल्यापासून आत दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. कुंताबाई तिच्याजवळ बसली. मग आम्ही सगळ्या बसलो. मीही रडले, मला त्या कुत्र्याची फार आठवण येत होती. मयताच्या घरी बसलेल्यांमधून आधी उठू नये, एवढं चंद्रकुमारला कळत होतं. तोही अंगणात मातीत बसून राहिला. तिकडे वळणावर त्याचा बर्फ वितळत होता, आणि त्यानं एकदाही तिकडे मान वळवली नाही.

बऱ्याच वेळानं गिरजाबाईनं पदरानं तोंड पुसलं, म्हणजे चिखल जास्तच पसरला. तिच्याकडे पाहून कुंताबाईला हसू आलं, तिचं पाहून आम्हाला, आणि शेवटी गिरजाबाईलाही. श्यामरावानं तांब्या भरून आणला आणि चंद्रकुमारला पाणी दिलं.

"ऊठ," गिरजाबाई त्याला म्हणाली. "तुही मासळी नासून राहिली."

तो उठला. जाताजाता, काहीतरी चांगलं बोलावं म्हणून असेल, म्हणाला, "मावशी, आता कोणाचं कुत्रं दिसलं का गाडी थांबवीन."

"दिसलं तं सारेच थांबवतेत," गिरजाबाई म्हणाली. "मारलं तरी थांब. मागून कोणीतरी धावून राहते, बाबू."

चपला पुन्हा हातातच घेऊन चंद्रकुमार रस्त्याकडे चालत गेला.