अंतरपाटाचे फोटो

मुन्शी घाटाजवळ व्हिसाच्या मुलाखतीची तयारी करून घेणारा तो इसम तोंडातलं पान सांभाळत, मान आभाळाकडे करून बोलायचा. मला अमेरिकन बायकोकडे जायचं होतं आणि हा गृहस्थ मेडिकलमधल्या एक्स-रेचा सराव म्हणून गंगेचा पूर ओसरेपर्यंत मला श्वास रोखायला लावायचा.

लग्नाचे फोटो बघून तर तो हबकलाच. माझ्या मामाने सगळे अंतरपाट धरलेलेच काढले होते.

"दुल्हन कहाँ है, भइया? आप तो चादर से बियाह किए हैं."

मी भडकलो. बायकोही फोनवर रोज हेच ऐकवते, मामाचा मराठीतून उद्धार करते आणि मग माझा, असं अर्धा तास सांगत बसलो.

महिन्याभरात पहिल्यांदाच त्याने पान थुंकलं.

"बस, साहब को यही सुनाइएगा. नकली बीवी इतना नहीं कोसती."