‘नाही’ खरं व्हावं म्हणून

शेडमध्ये सगळे त्यांना वरच्या बाई म्हणायचे. छताखाली रुळांवर धावणाऱ्या क्रेनच्या केबिनमध्ये त्या सतरा वर्षं बसत होत्या. उभी लोखंडी शिडी चढून सकाळी वर गेल्या की जेवणाच्या सुट्टीलाच खाली. पोलादी पत्र्याची नऊ टनांची गुंडाळी हुकाला लागायची आणि बाई ती उचलून ट्रकवर इतकी हलकेच टेकवायच्या, की ड्रायव्हरच्या हातातल्या चहावर तरंगही उठत नसे. निदान ड्रायव्हर तरी असं सांगायचे.

खाली उभा राहून त्यांना खुणा करायचा तो हातवारे. हे त्याचं आडनाव नव्हे. पण दिवसभर हात वर, हात खाली, डावीकडे, जरा अजून, जरा, बास, असं करणाऱ्या माणसाला दुसरं काय नाव पडणार? पगाराच्या कागदावर कारकुनाने एकदा तेच लिहिलं होतं आणि हातवारेने मुकाट्याने सहीही केली होती.

त्या सोमवारी जेवणाच्या सुट्टीत वार्षिक तपासणीचे फॉर्म आले. हातवारे आपला फॉर्म बातम्या दिल्यासारखा वाचत होता.

“डोळे, कान, बीपी, साखर... जुनंच सगळं. हां, हे बघा, नवीन पाहुणा! ‘मनाच्या आजारावर सध्या कुठलं औषध घेता का? हो किंवा नाही.’ ताई, भरायला माझ्या येड्या मेव्हण्याला पाठवून देऊ का?”

सगळे हसले. बाईही हसल्या. डब्याचं झाकण लावता लावता त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, “आणि हो लिहिलं तर?”

“तर काय! वर बसवतील होय? डोकं फिरलेल्या माणसाच्या हातात नऊ टन आणि खाली मी! नको रे बाबा.”

बाईंनी झाकण पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं.

दोन वर्षांपूर्वी त्यांना अंघोळीला उठणंसुद्धा जिवावर यायचं. कारण काही नव्हतं. घरात कुणी गेलं नव्हतं, भांडण नव्हतं. कारण नाही, हेच लोकांना पटत नव्हतं. शेवटी नवरा हाताला धरून एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. सकाळच्या चहानंतर एक गोळी सुरू झाली. दोन महिने डॉक्टरीणबाईंनी त्यांना घरीच ठेवलं, मग म्हणाल्या, “आता चढा शिडी.” बाई पुन्हा केबिनमध्ये बसल्या. रजेच्या अर्जावर ‘आजारपण’ एवढंच होतं; कसलं आजारपण, याचा कारखान्यात कुणाला पत्ता नव्हता आणि आजवर कुणी विचारलंही नव्हतं.

आता कागदाने विचारलं होतं. आणि खोटं लिहायला बाईंचा हात धजत नव्हता. कोपऱ्यातला एक दिवा हुकाने फुटला, कुणाच्या लक्षातही आलं नाही, तर या बाई स्वतः साहेबांकडे जाऊन “मी फोडला” म्हणून सांगून आल्या होत्या. अशा बाईने ‘नाही’ लिहायचं कसं? त्यांना एकच वाट दिसली. तपासणी बारा दिवसांवर होती. गोळी आजच बंद केली, तर त्या दिवशी ‘नाही’ हे खरंच असेल. ‘मला विचारल्याशिवाय बंद करायची नाही,’ असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. पण विचारलं असतं तर त्या नको म्हणाल्या असत्या. म्हणून विचारलं नाही.

पहिले दोन दिवस काहीच झालं नाही. बाईंना वाटलं, एवढंच होतं होय!

तिसऱ्या दिवशी घरी दार वाजलं म्हणून त्यांनी तिकडे पाहिलं आणि डोक्याच्या आत झर्रकन करंट फिरला. कानात बारीकसा आवाज, ‘झिप्’. डोळे दारापर्यंत पोचले होते आणि डोकं मागून येत होतं. मग प्रत्येक वेळी तसंच. डावीकडे बघा, झिप्. उजवीकडे बघा, झिप्. पोटात ढवळायचं. अंगाला दरदरून घाम, लगेच हुडहुडी. झोप लागली की स्वप्नं इतकी खरी पडायची, की जाग आल्यावर कुठलं घर आपलं तेच कळेना. हुडहुडी म्हणजे तापच, अशी स्वतःची समजूत घालून बाईंनी ताप आहे असं कळवलं आणि रजा टाकली.

सहाव्या दिवशी नवरा दुपारीच घरी आला. तो पुस्तकं बांधायचा. बोटांवर खळ वाळलेली असायची. बाई भिंतीला हात लावत, डोळे मिटून स्वयंपाकघराकडे निघाल्या होत्या.

“हे काय गं? आंधळी कोशिंबीर?”

“उघडले की डोक्यात करंट बसतो.”

“कसला करंट? चल, डॉक्टरकडे जाऊ.”

“नको.” बाई थांबल्या. “मी गोळी बंद केलीये.”

“कुणी सांगितलं बंद करायला?”

“कुणी नाही. फॉर्म आलाय.”

त्याला फॉर्मचं सगळं सांगावं लागलं. तो ऐकत होता आणि बोटांची खळ खरवडत होता. मग उठून गोळ्यांचं पाकीट घेऊन आला.

“घे. आत्ताच्या आत्ता घे.”

“सहा दिवस काढलेत. आता घेतली तर सहाही पाण्यात.”

“आणि तू पाण्यात गेलीस तर?”

“अहो, सतरा वर्षं झाली मला वर बसून. खाली मला काय येतं? सांगा ना! काय येतं मला?”

आणि बाई रडायला लागल्या. आदल्या दिवशी त्या चपलेचा बंद निघेना म्हणून रडल्या होत्या, त्याआधी शेजारच्यांचा नळ वाहत होता म्हणून. नवऱ्याला वाटलं, जुनं दुखणंच परत आलं. बाईंना माहीत होतं, हे ते नव्हे. तेव्हा काही वाटतच नसे, आता सगळंच वाटत होतं, कातडी सोलून ठेवल्यासारखं. पण एक विचार काही केल्या जाईना. गोळी नसली की मी ही अशी. मग इतके दिवस वर बसत होती ती मी नव्हतेच. गोळी बसत होती. मी घरीच पडून होते.

बाराव्या दिवशी त्या तपासणीला गेल्या. नवरा फाटकापर्यंत आला.

“माझ्या बोटाकडे बघा,” कंपनीचे डॉक्टर म्हणाले. “मान नाही हलवायची, नुसते डोळे.”

बोट डावीकडे गेलं. झिप्. उजवीकडे. झिप्. बाईंनी दातावर दात दाबून धरले, चेहरा कोरा ठेवला.

“तापातून उठलात ना? जरा उतरलाय चेहरा. औषध काही चालू? मनासाठी वगैरे?”

“नाही.”

खरं होतं. बारा दिवस याच एका शब्दासाठी काढले होते. डॉक्टरांनी शिक्का मारला.

“या. फिट आहात.”

त्याच दुपारी बाई शिडी चढल्या. बाराव्या पायरीवर थांबल्या, मग पुन्हा विसाव्या पायरीवर. खालून हातवारे ओरडला, “ताई, तापात वजन वाढलं काय?”

पहिली गुंडाळी गेली. दुसरी गेली. तिसरी वर उचलली आणि बाईंनी गुंडाळीवरून नजर हातवारेच्या हाताकडे वळवली. झिप्. त्यांना हात दिसला तो दोनदा. एक वर जाणारा, एक खाली येणारा. खरा कुठला? गुंडाळी त्याच्या छातीच्या उंचीवर झुलत होती. बाईंनी दोन्ही लिव्हर सोडून दिले. क्रेन जागच्या जागी थांबली.

“ताई! काय झालं? वर घ्या, वर!”

बाईंनी खिडकीतून हात बाहेर काढून पंजा उघडला. बाजूला हो. तो मागे सरला. तो पुरता लांब गेल्यावर बाईंनी डोळे फक्त गुंडाळीवर रोवले, पापणीही न हलवता ती बोट बोट खाली आणली आणि जमिनीवर टेकवली. मग त्या शिडी उतरल्या. शेवटच्या पायरीवर त्यांनी अंगातलं सगळं ओकून टाकलं.

हातवारे पाणी घेऊन धावत आला. बाईंनी त्याला सगळं सांगितलं. गोळी, दोन वर्षं, बारा दिवस. लपवण्यासारखं आता काही उरलंच नव्हतं.

त्याने मान वर करून छताखालच्या केबिनकडे पाहिलं. मग म्हणाला, “म्हणजे दोन वर्षं मी खाली उभा होतो आणि तुम्ही त्या गोळ्या खाऊन वर...”

“गोळी खात होते तोवर तुमच्या केसालाही धक्का लागला नाही, भाऊ. आज खाल्ली नव्हती, आणि तुमची छाती वाचली ती निव्वळ नशिबाने.”

“मला नाही हो कळत त्यातलं, ताई.” त्याने पाण्याची बाटली त्यांच्याजवळ ठेवली आणि हात मागे घेतला. “मला एवढंच कळतं, की सांगायला हवं होतं.”

साहेबांकडे बाई स्वतःच गेल्या. शिक्क्याखाली नवी ओळ आली. पुढील सूचनेपर्यंत क्रेन चालवू नये.

डॉक्टरीणबाई खूप रागावल्या. मग म्हणाल्या, “हे करंट, हे रडू, हा तुमचा स्वभाव नाही. आजार परत आला असंही नाही. औषध एकदम तोडल्याचं आहे हे. बंद करायचीच असती तर महिनोन्‌महिने, थोडी थोडी कमी करून केली असती. मला विचारायचं होतं ना?”

“विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात.”

“हो. आणि तेव्हाच तुम्हाला पत्र दिलं असतं, की या बाई औषध घेऊन उत्तम काम करतात. आताही देते. पण आता ते लोक त्या तिसऱ्या गुंडाळीबद्दल विचारतील.”

गोळी परत सुरू झाली. पाचव्या दिवशी करंट विरळ झाले, दहाव्या दिवशी थांबले. बाईंना स्टोअरमध्ये खुर्ची दिली होती. येणाऱ्या प्रत्येकाला पाना, पकड, हातमोजे काढून द्यायचे. छताखाली क्रेन दुसराच कुणी चालवायचा. तो गुंडाळी आपटायचा. प्रत्येक धक्क्याला बाईंचा हात टेबलावर, लिव्हर धरल्यासारखा, आपोआप मागे खेचला जायचा. हातवारे मोजे न्यायला यायचा, “कशा आहात ताई?” विचारायचा. विनोद करायचा नाही.

“पत्र पोचलंय,” एका संध्याकाळी नवरा म्हणाला. “बोलावतील गं. आज ना उद्या बोलावतील.”

“बोलावतील,” बाई म्हणाल्या. आता डोकं अगदी शांत होतं. म्हणून सगळं स्वच्छ दिसत होतं. “पण खाली कोण उभं राहील?”