आंबिलीचा हात

माणसाच्या विष्ठेची प्लेट रोज सकाळी डोळ्यांसमोर धरून बघणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे आणि त्याची मला कधी लाज वाटली नाही. धाराशिवच्या एका लॅबमध्ये मी रोगाचे जंतू ओळखते. पोटात सगळ्यांच्याच असणारे जंतू आणि टायफॉइडचा जंतू मायक्रोस्कोपखाली सारखेच दिसतात, दोन्ही ग्रॅम-निगेटिव्ह, गुलाबी काड्या. म्हणून त्यांना प्लेटवर पसरवून रात्रभर ऊब द्यायची. नेहमीचे असतात ते गुलाबी उगवतात, टायफॉइडचा मात्र फिकट राहतो. तो फिकट शोधायचा, बस्स.

माझ्या मुलीला एका वर्षात दोनदा टायफॉइड झाला. दोन्ही वेळा तिच्या रक्तातला जंतू मीच ओळखला. डॉक्टर म्हणाले, घरात कुणीतरी असं असेल, ज्याला ताप नाही, त्रास नाही, पण पित्ताशयात जंतू घर करून बसलाय. सगळ्यांचे नमुने आणा. मी डब्या घरी नेल्या तेव्हा आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, हसून लोळायच्याच बाकी राहिल्या. ‘‘आता हे बी नेतीस व्हय कामाला? पगार वाढवून माग मग!’’

नवऱ्याची प्लेट गुलाबी. माझी गुलाबी. आत्यांच्या प्लेटवर गुलाबी गर्दीत फिकट ठिपके. मी ते वेगळे काढून पुन्हा वाढवले, नळीतल्या चाचण्या लावल्या आणि शेवटी काचपट्टीवर टायफॉइडचा जंतू ओळखणाऱ्या सिरमचा थेंब टाकून पट्टी हलवली. दूध नासावं तसे कण फुटले. एरवी हे कण दिसले की ओळख पटली म्हणून मला बरं वाटतं. त्या दिवशी मी उगीचच पट्टी हलवत बसले.

दुसऱ्या दिवशी येळवस, म्हणजे वेळ अमावस्या होती. येळवशीला आमच्याकडं सगळं गाव शेतात जेवतं, एकमेकांच्या शेतात जाऊन आंबील पितं आणि कुणाला नको म्हणायची सोय नसते. ज्वारीचं पीठ शिजवून, निववून, त्यात ताक आणि लसूण घालून आत्या आदल्या संध्याकाळी कोपरापर्यंत हात घालून ती कालवतात. ती पुन्हा चुलीवर चढत नाही. गावात त्या हाताचं नाव आहे. त्या संध्याकाळी घरी जाताना एसटीत बसून मी स्वतःला समजावत होते, आंबट ताकात जंतू टिकत नसतील. पण ज्याची खात्री नाही त्या रिपोर्टवर मी कधी सही करत नाही.

‘‘येळवस होऊ दे, मग बोल. आईच्या जिवाला लागंल,’’ रिपोर्ट ऐकून नवरा दारातच म्हणाला. मला त्याचा असा राग आला! त्याला गप्प बस म्हणायला काय जात होतं? सांगितलं तर आत्यांचं मन मोडणार, नाही सांगितलं तर गावातली लेकरं ती आंबील पिणार, आणि दोन्हीला जबाबदार मीच.

आत्या बांगड्या मागं सारून आंबिलीपाशी बसल्याच होत्या. मी सगळं सांगून टाकलं. औषधं आहेत, बऱ्या व्हाल, फक्त तोवर रांधू नका, कालवू नका. त्यांनी हात उलटेसुलटे करून बघितले.

‘‘पोरीला म्या दिलं?’’

मी ‘हो’ म्हणून मान हलवली. त्या उठल्या, कोपऱ्यातलं पोतं घेतलं आणि ओसरीच्या टोकाला जाऊन त्यावर बसल्या.

ती जागा मला ठाऊक होती. नवी नवरी असताना पाळी आली तेव्हा माहेरच्या सवयीनं मी तिथंच जाऊन बसले होते. आत्यांनी मनगट धरून मला उठवलं आणि थेट चुलीपाशी आणून बसवलं. ‘‘आमी बसलाव जलमभर बाहीर. माझ्या घरात कुणी बसायचं न्हाय.’’ त्या दिवसापासून ही बाई मला आईपेक्षा जवळची वाटायला लागली.

‘‘आत्या, आत या. नुसतं कालवू नका म्हणाले मी,’’ कितीदा सांगितलं. त्या हलल्या नाहीत. ओसरीतून त्या सांगत गेल्या तशी आंबील मीच कालवली. दुसऱ्या दिवशी शेतात गावानं पिऊन विचारलं, औंदा चव का बदलली? आत्या हसून म्हणाल्या, ‘‘सुनंला शिकवायले.’’

औषधं झाली. मग दर महिन्याला नमुना, दर महिन्याला फिकट ठिपक्यांचा शोध. सगळ्या प्लेट गुलाबीच आल्या आणि एक दिवस डॉक्टर म्हणाले, झाल्या मोकळ्या. तोवर आत्या ओसरीवरच होत्या आणि चूल मी एकटीनं सांभाळली होती. मला कुणी कोंडलं नव्हतं, तरी त्या स्वयंपाकघरात माझा जीव गुदमरायचा. त्या दिवशी मी बसमधून उतरून घरापर्यंत पळत आले.

‘‘आत्या, काही निघालं नाही. आता या आत.’’

‘‘तुला दिसतंय पोरी. मला कुठं दिसतंय?’’ त्या ओसरीतून म्हणाल्या. ‘‘परत येणार न्हाय म्हणून सांगतीस का?’’

काहींच्या पोटात तो परत निघतो, हे मीच त्यांना सांगून ठेवलं होतं.

मी पुढं होऊन त्यांचं मनगट धरलं, त्यांनी माझं धरलं होतं तसं, आणि ओढलं. त्यांनी हळूच हात सोडवून घेतला.

‘‘जा, हात धू आदी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘लेकराला वाढायचंय तुला.’’