सावलीत मांडलेल्या पराती

रंगवलेलं कापड पिळून झालं की रंगारी चाचा आधी उन्हाकडे रागाने बघत, मग कापड झटकून कडुनिंबाखालच्या दोरीवर टाकत. "धूप रंग खाते, बाई," हे त्यांचं पालुपद. नेरच्या कॉलेजात रसायनशास्त्र मी शिकवत होते, पण आमच्या गल्लीत रंगाबद्दलचा शेवटचा शब्द त्यांचा.

मुलांनो, त्या वर्षांत कापसाला भाव नव्हता. नवं लुगडं झेपेना, म्हणून बायका जुनंच रंगवून लग्नाला जात. चाचांचं काम वाढलं, आणि नालीतलं लाल-निळं पाणीही. एक दिवस गल्लीच्या विहिरीचं पाणी गुलाबी निघालं. शेजारच्या शांताबाई थेट त्यांच्या दारात.

"चाचा, हे लेकरायले पाजू काय? आठ दिवसात बंद करा, नाहीतर तुमच्या हंड्या आम्ही फोडतो."

चाचांना दुसरं कामच येत नव्हतं.

मी प्रयोगशाळेतून काचेच्या पट्ट्या आणल्या. त्यांवर एक पांढरी पूड भाजून बसवलेली. ऊन पडलं की ती पाण्यातल्या रंगाचे तुकडे करते, स्वतः मात्र संपत नाही. भिंतीच्या पांढऱ्या रंगात असते तीच ही, असंही सांगितलं.

"म्हणजे रंगच रंगाले मारते? आमच्या भाऊबंदायसारखं!"

परातीत पट्ट्या ठेवून वर रंगाचं उरलेलं पाणी बोटभर भरा, एवढं सांगून मी गेले. चौथ्या दिवशी पाणी लालच.

"तुमची पूड आळशी हाय, बाई."

मी वही काढून सगळी मापं तपासली. मग मान वर केली. साऱ्या पराती कडुनिंबाखाली, नीट ओळीत.

"चाचा, सावलीत का ठेवल्या?"

"रंग अन् उन्हात? जिंदगीत नाही ठेवला म्या!"

पराती उन्हात सरकवताना त्यांचे हात अडखळत होते. दोन दिवसांत पाण्याचा रंग उतरला. रंग गेला म्हणजे पाणी पिण्याजोगं झालं असं नव्हे, हे मी बजावलं. ते पाणी चाचा पुढच्या धुण्यालाच वापरू लागले.

आठव्या दिवशी शांताबाई आल्या. कोरडी नाली पाहिली, परातीत बोट बुडवून पाहिलं.

"मंग माह्यं जांभळं लुगडं कवा देता?"

विहीर उपसताना पहिला दोर चाचांनीच ओढला.

बऱ्याच वर्षांनी चाचा गेले, त्या सकाळी त्यांच्या शेवटच्या आंघोळीला पाणी हवं होतं. शांताबाईंनी कुणाला न विचारता विहिरीत बादली सोडली. एकामागून एक भरून देत राहिल्या. पाणी नितळ होतं.