थर्मासवाले भाऊ आणि माझा अर्ज

ज्यांच्याविषयी लिहितो ते : थर्मासवाले भाऊ, मूळ राहणार नवेगाव बांध, आमगावच्या पशुप्रयोगशाळेतील परिचर. लिहिणारा : आमगावात अर्ज लिहिणारा मी, शिक्षण सातवी. काळ : यंदाच्या धानकापणीचा. साक्षीदार : खाटीक रहीमचाचा व चहावाल्या शांताबाई.

भाऊ रोज सकाळी खाटकाकडून निघत ते थर्मास छातीशी कवटाळून. शांताबाई हाक मारीत, “भाऊ, एक कप आमाले बी द्या!” भाऊ गंभीरपणे म्हणत, “चहा नोहे बाई, बकरीचे अंडाशय हाये. थंडे झाले त गेले कामातून.” रहीमचाचा हसत, “बकरी मेरे हाथ से गई, और ये उसकी औलाद ढूँढ रहा है!”

प्रयोगशाळेत त्या अंडाशयांतील स्त्रीबीजे काढून, ती पिकावीत म्हणून एक दिवस उबेच्या पेटीत ठेवीत. पोटाबाहेरची हवा त्यांना जाळते, म्हणून द्रवात एक रक्षक औषध मिसळीत. भाऊ मला समजावीत, “थोडंसं टाकलं त जगवते, जादा टाकलं त तेच मारते.” एकदा प्रयोगशाळेच्या साहेबांच्या हुकमाने औषध वाढवले आणि बशीतील बहुतेक बीजे मेली. नोंदवहीत ‘पिकली’ असे लिहिण्यास साहेबांनी सांगितले. भाऊ म्हणाले, “मेलं त मेलंच लिवीन.” आणि तसेच लिहिले.

याच सुमारास गावी, नवेगावात, त्यांची पत्नी अर्धांगवायूने अंथरुणास खिळली. गावच्या गुरांच्या दवाखान्यात बदली मिळावी, एवढेच त्यांना हवे होते. मला म्हणाले, “बावा, दोनच ओळी लिवा.”

दोन ओळींच्या अर्जास वजन नसते, असे माझे मत. मी नोंदवहीचे प्रकरण सविस्तर घातले आणि माझ्या शिरस्त्याप्रमाणे खाली पाच कार्यालयांना प्रती लावल्या. भाऊंनी न वाचता, माझ्या भरवशावर सही केली.

नोंदवहीवरून चौकशी बसली. ती संपेपर्यंत बदली नाही, रजा नाही, मुख्यालय सोडणे नाही. प्रयोग बंद पडले. उबेची पेटी गार पडली आहे आणि भाऊ तिच्यासमोर दिवसभर बसून असतात. नवेगावात शेजारीण त्यांच्या पत्नीला पेज भरवते.

मी क्षमा मागण्यास गेलो. त्यांनी बसायला स्टूल पुढे केले. म्हणाले, “तुमीबी डोस जादाच टाकला ना, बावा.” मग हळूच, “फोनवर ती इचारते, कवा येता? काय सांगू, तुमीच लिवून द्या.” मी परत येऊन हा अर्ज लिहायला बसलो.

सबब विनंती की, भाऊंच्या सहीच्या त्या अर्जातील पहिल्या दोन ओळी भाऊंच्या व उर्वरित सर्व माझ्या समजाव्यात. त्याबद्दल जी कारवाई होईल ती माझ्यावर व्हावी आणि भाऊंना घरी जाऊ द्यावे. उत्तर मला नको, त्यांना द्यावे. ते कार्यालयीन वेळेत त्याच पेटीसमोर हजर असतात.