सव्वा मैलाचे पावणेतीन तास

उत्तर आयर्लंडात अर्न तळ्याकाठी डेरीकीलचा किल्ला आहे, आणि किल्ल्याभोवती सव्वा मैलाची पायवाट आहे. गाड्या लावायच्या जागेपासून ती सुरू होते, पाण्याच्या कडेकडेने ओकच्या झाडीतून जाते, जुन्या दफनभूमीच्या भिंतीशी एका बाकाजवळ वळते आणि किल्ल्याच्या अंगणात संपते. वाटेत चढ म्हणावा असा एकच, आणि तोही बदकांची पिल्लं रांगेने चढून जातात इतपत. तरीही सुरुवातीच्या पाटीवर लाल बूट रंगवलेला होता आणि त्याखाली लिहिलं होतं : अवघड. वेळ, दोन तास पंचेचाळीस मिनिटं.

हा पराक्रम युनन गिलफेडरचा.

युनन जंगलखात्यातून निवृत्त झालेला, त्यामुळे वाटेची देखभाल त्याच्याकडे आपसूक आली होती. तीन वर्षांपूर्वी पर्यटन कचेरीने कागद पाठवला, की तुमच्या वाटेला किती वेळ लागतो ते मोजून कळवा. युनन सरळ माणूस. त्याने बापाचं घड्याळ खिशात घातलं आणि रविवारी प्रार्थनेनंतर चालायला सुरुवात केली. वाटेत जुना पोस्टमन कॉर्मॅक भेटला, त्याच्या खुब्याची चौकशी झाली. मिसेस ट्रेनर भेटली, तिच्या सुनेचा विषय निघाला, आणि तो विषय काही उभ्या उभ्या संपणारा नव्हता. मग आणखी चौघे. युनन किल्ल्याशी पोचला तेव्हा पावणेतीन तास झाले होते. त्याने प्रामाणिकपणे तेच लिहिलं. गप्पांचा वेळ वजा करायचा असतो हे त्याला कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी त्याला ते पटलं नसतं. आमच्याकडे माणसाला नुसती मान हलवून पुढे जायचं म्हणजे त्याच्याशी उभा दावा मांडायचा.

कचेरीतल्या शहाण्यांनी हिशेब केला, की सव्वा मैलाला पावणेतीन तास म्हणजे वाटेत कडे तरी असणार नाहीतर दलदल. त्यांनी पाटीवर लाल बूट रंगवला आणि हात झटकले. तेव्हापासून बाबागाड्या घेऊन येणारी कुटुंबं पाटी वाचायची, पोरांकडे बघायची आणि गाडी वळवून दुसरीकडे जायची.

याचा फटका बसला अट्रॅक्टाला, म्हणजे युननच्या बायकोला. किल्ल्याच्या जुन्या तबेल्यात एकोणीस वर्षं तिचं चहाघर होतं. चहा, स्कोन नावाचे गोडसर पाव, घरचा जॅम आणि येणाऱ्या प्रत्येक मुलाला नावानिशी हाक. आता सकाळी भाजलेले स्कोन संध्याकाळी कोंबड्यांना जात होते आणि कोंबड्या एवढ्या माजल्या होत्या की साध्या दाण्याला चोच लावत नव्हत्या. किल्ल्याच्या विश्वस्तांनी गोड शब्दांत कळवलं होतं, की हिवाळ्यापर्यंत टेबलं भरली नाहीत तर तबेला होड्या ठेवायला लागेल.

"तुझ्या जिभेने माझं दुकान खाल्लं," अट्रॅक्टा म्हणाली. ती रोजच म्हणायची, पण त्या दिवशी तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते युननने पाहिलं.

त्याने कचेरीला पत्र घातलं. कचेरीने सप्टेंबरमधला रविवार दिला. नियम साधे होते. वाट सांभाळणाऱ्या माणसानेच चालायचं, कुठेही थांबायचं नाही, आणि संधी एकदाच, कारण त्यांच्या यादीत अजून साठ वाटा होत्या. देखरेखीला बेलफास्टहून मिस रटलेज नावाची पोरगेली बाई आली. तिने सोबत रिकामी बाबागाडी आणली होती आणि तिच्यात मुलाच्या वजनाचं बटाट्याचं पोतं पट्ट्याने नीट बांधलं होतं. सरकारी कामात हयगय नको.

निघताना अट्रॅक्टाने नवऱ्याला बाजूला घेतलं.

"आ कर."

"कशाला?"

"कर म्हणते ना."

त्याने तोंड उघडलं आणि तिने त्यात टॉफीचा हा एवढा खडा कोंबला. घरी केलेली, दाताला दात चिकटवणारी.

"किल्ल्यापर्यंत ही पुरेल," ती म्हणाली. "कुणी मेलं तरी थांबायचं नाही. परत येताना रड हवं तर."

युनन निघाला. मागून बटाटे घेऊन मिस रटलेज. पहिल्याच वळणावर कॉर्मॅक काठी टेकत उभा होता.

"काय युनन, हवा छान पडली," तो म्हणाला, आणि पुढच्या अर्ध्या तासासाठी काठीवर नीट भार टाकून तयार झाला.

युननने मान हलवली आणि तो पुढे गेला. कॉर्मॅकचं तोंड उघडंच राहिलं. चाळीस वर्षं त्याने दारोदार वाईट बातम्या पोचवल्या होत्या, पण असा अपमान त्याच्या वाट्याला कधी आला नव्हता.

पुढे मिसेस ट्रेनर. तिने सुनेची ताजी बातमी तोंडावर आणलीच होती. युनन गालात टॉफी धरून, कपाळावर घाम घेऊन, तिच्या समोरून निघून गेला. तिने त्याचा फुगलेला गाल पाहिला, वाकडं तोंड पाहिलं, छातीवर क्रूस काढला आणि लगेच फोन काढला. युनन अर्ध्या वाटेवर पोचायच्या आत चहाघरात खबर पोचली होती, की त्याच्या अंगावरून वारं गेलं.

"काही वारंबिरं नाही," अट्रॅक्टा फोनवर म्हणाली. "टॉफी आहे." आणि तीन वर्षांत प्रथमच तिला वाटलं, की जमतंय बुवा.

तेवीस मिनिटं झाली होती. आता राहिला होता बाक, आणि त्यापुढे किल्ला.

बाकावर फॉन्सी बसला होता.

फॉन्सी म्हणजे युननचा सख्खा धाकटा भाऊ. दोघांची घरं पाऊण मैलावर, आणि दोघांत अकरा वर्षं अबोला. कारण सांगायचं तर आईचं. तिला पुरायला नेली त्या दिवशी चर्चच्या फाटकाशी युननला कुणीतरी बोलण्यात गुंतवलं, म्हणजे युननने कुणालातरी गुंतवलं. आमच्याकडे पहिला खांदा मुलांचा. फॉन्सीने एकदा हाक मारली, दोनदा मारली, मग चुलतभावाला पुढे केलं आणि पेटी उचलली. युनन धावत येईपर्यंत आई खड्ड्यापाशी पोचली होती. "तू आईच्या पेटीपुढेही गप्पा मारशील," फॉन्सी सगळ्यांसमोर म्हणाला होता. तेव्हापासून अख्ख्या परगण्याशी बोलणाऱ्या युननला एकच माणूस दिसेनासा झाला. दर रविवारी फॉन्सी त्या बाकावर बसायचा, कारण भिंतीपलीकडे आई होती, आणि दर रविवारी युनन तिथून तळ्याकडे बघत जायचा. सगळ्या वाटेत न थांबता पार करायची त्याला सवय होती ती एवढ्याच टप्प्याची.

तेव्हा इथे काही अडचण नव्हती. युननने नेहमीप्रमाणे तळ्याकडे तोंड केलं.

"युनन," फॉन्सी म्हणाला.

आता एवढ्या रविवारांत याला हाच रविवार सापडला. युननचे पाय चालत राहिले.

"त्या दिवशी मी थांबायला हवं होतं रे," मागून फॉन्सी म्हणाला. "मी मुद्दाम उचलली पेटी. तू येतोयस ते मला दिसत होतं."

युनन आणखी चार पावलं चालला. डोळ्यांसमोर चहाघर होतं, होड्या होत्या, अट्रॅक्टाचे भरलेले डोळे होते. अकरा वर्षांपूर्वी चालायचं तिथे तो बोलत बसला होता, आणि आज बोलायचं तिथे चालत होता. त्याला स्वतःचीच शरम वाटली. तो थांबला.

"मिस्टर गिलफेडर," मिस रटलेज हळूच म्हणाली, "घड्याळ चालू आहे. दुसरी संधी नाही मिळायची."

युननला उत्तर द्यायचं होतं, पण अट्रॅक्टाची टॉफी. त्याने हातानेच तिला पुढे जा अशी खूण केली, मागे फिरला आणि भावाशेजारी बाकावर बसला. बोलता काही येईना. आयुष्यभर नको तिथे वळवळलेली जीभ नेमकी तेव्हा टाळ्याला चिकटली होती. फॉन्सीने त्याच्या गालाकडे पाहिलं.

"अट्रॅक्टाची?"

युननने मान हलवली. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते टॉफीमुळे नव्हतं.

"बस. विरघळू दे," फॉन्सी म्हणाला. "मला घाई नाही."

मिस रटलेज घटकाभर उभी राहिली. मग तिने घड्याळाकडे पाहिलं, बटाट्यांकडे पाहिलं आणि बाबागाडी पुढे ढकलली. त्या वाटेवर तिला कोणी ओळखत नव्हतं, आणि तीही कोणाला ओळखत नव्हती. थांबायचं कारणच नव्हतं. ती किल्ल्याच्या अंगणात शिरली तेव्हा छत्तीस मिनिटं झाली होती आणि पोत्यातला एकही बटाटा हलला नव्हता.

चालणाऱ्याच्या नावापुढे काय लिहावं, याचा तिने दोन स्कोन खाईपर्यंत विचार केला. मग स्वतःचं नाव घातलं. परक्या माणसाने वाट चालून बघावी, हे तीन वर्षांत कचेरीतल्या एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. अर्थात त्यासाठी खुर्चीवरून उठावं लागलं असतं.

"सोपी," ती म्हणाली. "हिरवा बूट. पुढच्या आठवड्यात पाटी बदलेल."

अट्रॅक्टाने तिच्या बशीत आणखी एक स्कोन ठेवला. मग तिने विचारलं, "आणि हा कुठे राहिला?"

"थांबले ते. बाकावर कुणीतरी भेटलं."

"थांबला?" अट्रॅक्टा म्हणाली. दुकान वाचलं होतं, पण ते काही याच्यामुळे वाचलं नव्हतं. एक दिवस, एकच दिवस या माणसाला तोंड मिटून चालता आलं नाही. ती मनात एकेक वाक्य परजत बसली. मिस रटलेज गेली. एक तास झाला, दोन झाले. तोवर वाक्यांना चांगली धार आली होती.

मग दार उघडलं आणि दोन म्हातारे आत आले. दोघांच्याही गुडघ्यांना ओली माती लागली होती. फॉन्सीने टोपी काढून हातात धरली. या दारातून तो अकरा वर्षांत आत आला नव्हता.

अट्रॅक्टाने दीराकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"कुठे होतात?"

"आईकडे," युनन म्हणाला. टॉफी विरघळली होती.

तिने फळीवरून दोन कप काढले.

"मग वेळ लागायचाच," ती म्हणाली.